चौघीजणींची लेखिका

इ. स. १८६८ सालच्या हिवाळ्यात अमेरिकेतील एका लेखिकेला टपालाने पत्रांमागून पत्रे येऊ लागली. बहुतेक पत्रे शाळकरी मुलींची होती. मेग, जो, बेथ आणि एमी या चार बहिणींचे पुढे काय झाले, हे जाणण्यास त्या अगदी उतावीळ झाल्या होत्या. कोणाचे लग्न कोणाशी होणार, हा तर त्यांचा मुख्य प्रश्न. जोचा विवाह शेजारच्या लॉरीशीच व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. त्या लेखिकेचे नाव लुइझा मे ऑलकॉट.

लुइझाचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील जर्मनटाउन येथे झाला. चार बहिणींत ती दुसरी. वडील ब्रॉन्सन ऑलकॉट हे शिक्षक आणि तत्त्वचिंतक होते. मुलांशी संवाद करीत शिकवावे, असे त्यांचे मत होते. एका शाळेत त्यांनी एका कृष्णवर्णी मुलीला प्रवेश दिला, तेव्हा इतर पालकांनी आपली मुले काढून घेतली. तरी त्यांनी त्या मुलीला घालवले नाही. हा बाणेदारपणा थोर खरा. परंतु त्याने घरची चूल पेटत नाही. संसाराचा भार आई अबिगेल आणि मोठ्या मुली यांच्यावर पडला. लुइझाने शिवणकाम केले, शिकवण्या केल्या, परक्या घरी मोलकरीण म्हणूनही ती राबली. सुदैवाने मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कर्ड गावी थोर लेखक एमर्सन यांचा शेजार लाभला आणि त्यांचा ग्रंथसंग्रह तिला मोकळा झाला.

तिची छापून आलेली पहिली कृती म्हणजे एक कविता. ती १८५१ मध्ये फ्लोरा फेअरफील्ड या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. पुढे एमर्सन यांच्या मुलीसाठी रचलेल्या परीकथांचे पुस्तक १८५४ मध्ये निघाले; त्याचे तिला बत्तीस डॉलर मिळाले. बोस्टनमधील एका नामांकित प्रकाशकाने मात्र तिचा लेख परत केला आणि लेखन तिला साधणार नाही, तिने शिक्षिकेचेच काम करावे, असा सल्ला दिला. शाळा काढण्यासाठी त्याने तिला चाळीस डॉलरही दिले. ती शाळा काही चालली नाही.

याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. १८६२ च्या डिसेंबरात लुइझा वॉशिंग्टनजवळील लष्करी रुग्णालयात परिचारिका म्हणून गेली. दीड महिन्यातच विषमज्वराने तिला गाठले. त्यावर पारा असलेले औषध दिले गेले आणि तिची प्रकृती कायमची खालावली. परंतु रुग्णालयातून घरी धाडलेल्या पत्रांवरून तिने जे पुस्तक रचले, ते लोकांनी आवडीने वाचले. त्याच वर्षी, १८६३ मध्ये, दिवंगत थोरोवरील तिची कविता एका मासिकात विनास्वाक्षरी आली. कवी लाँगफेलो यांनी ती एमर्सन यांचीच समजून मोठ्याने वाचून दाखवली, आणि ऐकावयास समोर बसले होते प्रत्यक्ष लुइझाचे वडील!

पैशासाठी तिने टोपणनावाने सूड, कपट आणि रहस्य यांनी भरलेल्या कथाही लिहिल्या. त्या तिच्याच आहेत, हा शोध संशोधकांना १९४० नंतरच लागला.

टॉमस नाइल्स या प्रकाशकाने मुलींसाठी पुस्तक मागितले, तेव्हा ती नाखुशीनेच लेखनास बसली. आपल्या बहिणींवाचून दुसऱ्या मुली तिला ठाऊक नव्हत्या. म्हणून तिने आपलेच घर कथेत आणले. जो म्हणजे ती स्वतः. पहिली बारा प्रकरणे नाइल्स यांना नीरस वाटली, आणि गंमत अशी की लुइझालाही तसेच वाटले! पण नाइल्स यांनी ती काही मुलींना वाचावयास दिली. मुलींना ती फारच आवडली. या बाबतीत त्या दोघा जाणत्यांपेक्षा मुलींचीच पारख खरी ठरली. पुस्तक निघताच पहिल्या दोन हजार प्रती पाहता पाहता संपल्या आणि पत्रांचा ओघ सुरू झाला.

दुसरा भाग तिने १ नोव्हेंबर १८६८ रोजी आरंभिला. छत्तिसावा वाढदिवसही तिने एकटीने लिहिण्यातच घालवला. मुलींच्या पत्रांनी ती सुखावली होती, तशीच चिडलीही होती. विवाह हेच जणू मुलीच्या जन्माचे एकमेव साध्य, असे वाचकांनी का मानावे? जोने अविवाहित राहून लेखनच करावे, असा तिचा बेत होता. तो काही तडीस गेला नाही. वाचक आणि प्रकाशक दोघेही तिच्या लग्नासाठी अडून बसले होते. तेव्हा तिने जोचे लग्न लावले, परंतु लॉरीशी नव्हे! वयाने मोठ्या, गरीब, दाढीवाल्या एका जर्मन प्राध्यापकाशी लावले. बेथलाही तिने वाचवले नाही. तिची धाकटी बहीण एलिझाबेथ १८५८ मध्ये वारली होती. ते दुःख तिने कथेत येऊ दिले.

नाइल्स यांच्या सल्ल्याने पुस्तकाचे हक्क तिने स्वतःकडे राखले होते. हाती पैसा येताच तिने घराचे सारे जुने कर्ज फेडले. त्या नामांकित प्रकाशकाचे चाळीस डॉलरही आठवणीने परत केले. कीर्तीचा जाचही झाला. अनोळखी वाचक दारी येत, तेव्हा ती मागच्या वाटेने रानात निघून जाई. १८७७ मध्ये तिने एक गूढ कादंबरी निनावी काढली आणि लोक भलत्याच लेखकांची नावे घेतात, हे पाहून ती मनसोक्त हसली. अखेरच्या वर्षांत उजवा अंगठा दुखू लागे, तेव्हा ती डाव्या हाताने लिही.

६ मार्च १८८८ रोजी बोस्टन येथे तिचे निधन झाले. दोनच दिवसांपूर्वी वडील वारले होते. ते तिला कळलेही नव्हते.

मराठीत हे पुस्तक शांता शेळके यांनी ‘चौघीजणी’ या नावाने आणले. लॉरीला जो नकार देते त्या पानाशी आल्यावर आपल्याकडील मुलीही लेखिकेवर रुसतात, आणि पान उलटून पुढे वाचू लागतात.