गोदावरी परुळेकर आणि वेठबिगारीचा अंत

अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना १ जानेवारी १८६३ रोजी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी बंडखोर राज्यांतील गुलामांच्या मुक्तीचा हुकूमनामा काढला. १८६५ च्या घटनादुरुस्तीने त्या देशातील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. त्यानंतर ८० वर्षांनी, दुसरे महायुद्ध संपत आले असतानाही, आपल्या ठाणे जिल्ह्यातील वारली बांधव वेठीला जुंपलेलेच होते. त्यांच्यासाठी मुक्तीचा सरकारी हुकूम निघाला नव्हता. अशा वेळी गोदावरी परुळेकर त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

गोदावरीबाईंचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यातील गोखले घराण्यात झाला. मुलींनी कायद्याचे शिक्षण घेणे दुर्मीळ असलेल्या त्या काळात त्यांनी कायद्याची पदवी मिळवली. पुढे त्या भारत सेवक समाजात दाखल झाल्या. १९३९ मध्ये शामराव परुळेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. युद्धविरोधी प्रचार केल्याबद्दल दोघांनाही कारावास भोगावा लागला.

त्या काळी लग्नासाठी सावकाराकडून थोडेसे कर्ज घेणारा वारली ‘लग्नगडी’ होत असे. कर्ज फिटेपर्यंत पती-पत्नी दोघांनीही सावकाराकडे राबायचे; आणि ते कर्ज सहसा फिटतच नसे.

जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळ टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातून आलेल्या वारल्यांनी तेथे आपली व्यथा मांडली. त्यानंतर गोदावरीबाई पाड्यापाड्यांतून हिंडल्या. २३ मे १९४५ रोजी झरी येथे सुमारे ५ हजार वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही, असा त्यांनी निर्धार केला. लग्नगडी सावकारांची घरे सोडून बाहेर पडू लागले. या मुक्तीची किंमतही मोजावी लागली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांनी प्राण गमावले. परुळेकर दांपत्यालाही जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले.

या लढ्याची हकिकत गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात लिहिली. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. वेठबिगारी नष्ट करणारा केंद्र सरकारचा वटहुकूम आणीबाणीच्या काळात, ऑक्टोबर १९७५ मध्ये निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. झरीच्या निर्धाराला तेव्हा ३० वर्षे उलटली होती.

८ ऑक्टोबर १९९६ रोजी गोदावरीबाईंचे निधन झाले. वीटभट्टीवर उचल फेडण्यासाठी आजही एखादे कुटुंब अडकून पडलेले आढळते. त्याची दखल घेऊन ते प्रशासनाच्या नजरेस आणून देणे, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.