गोदाराणी आणि एक खोटा निरोप

वारली लोक ज्यांना प्रेमाने गोदाराणी म्हणत, त्या गोदावरी परुळेकर यांचा जन्म 14 ऑगस्ट 1907 रोजी पुण्यात झाला. माहेरचे आडनाव गोखले. वडील नामांकित वकील, घरी सुबत्ता. कायद्याची पदवी घेणाऱ्या महाराष्ट्रातील त्या पहिल्या महिला होत. भारत सेवक समाजाच्याही त्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. पुढे शामराव परुळेकरांशी विवाह करून त्या किसान सभेच्या कार्यात शिरल्या.

त्या काळी आपला पालघर जिल्हा ठाणे जिल्ह्यातच होता. तलासरी-डहाणूच्या जंगलपट्टीत सावकार व जमीनदारांचे राज्य होते. वारली वेठीला राबत. लग्नासाठी चार पैसे कर्ज काढले की नवरा-बायको दोघेही जन्मभर लग्नगडी. 23 मे 1945 रोजी तलासरीजवळ झरी येथे सुमारे 5,000 वारली जमले आणि वेठ व लग्नगडी पद्धत मोडण्याचा निर्धार झाला. वर्तमानपत्र नाही, वाचता येत नाही, रस्ते नाहीत. तरी ही वार्ता तोंडोतोंडी पाड्यापाड्यांत पोहोचली आणि शेकडो लग्नगडी मोकळे झाले.

जमीनदारांनी हे सारे पाहिले. वारली कोणाच्या शब्दावर उठतात, हे त्यांना कळून चुकले होते. ऑक्टोबरात गवत कापणीच्या मजुरीचा लढा पेटला. तेव्हा एक निरोप फिरू लागला : गोदाराणीची तलवाड्याला सभा आहे, तिच्यावर गुंड हल्ला करणार आहेत, हत्यारे घेऊन तिच्या रक्षणाला या. दुसऱ्या बाजूने पोलिसांना वर्दी गेली की हत्यारबंद वारली हल्ला करण्यासाठी गोळा होत आहेत. वास्तविक गोदावरीबाईंनी सभा बोलावलीच नव्हती. त्या तेथे नव्हत्याही.

हजारो माणसे काठ्या-कोयते घेऊन रानवाटांनी तलवाड्याला आली. पोलिसांनी गोळीबार केला. तरीही माणसे हटेनात. आपण गेलो तर बाईंचे काय होईल, ही एकच चिंता. जेठ्या गांगड आणि त्यांचे चार साथी ठार झाले. 10 ऑक्टोबर हा त्यांचा हुतात्मा दिन होय.

ज्या तोंडी वार्तेने वेठ मोडली, तिच्याच वाटेने हे खोटे आले. लोक भोळे होते म्हणून फसले, असे म्हणणे मला पटत नाही. त्यांचा बाईंवर जीव होता, आणि नेमका तोच जीव वैऱ्याने आमिष म्हणून वापरला. दोष मात्र बाईंच्या माथी मारला गेला. पुढे 1946 मध्ये सरकारने परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपारही केले. तरी त्या परत आल्या. या लढ्याची हकीकत त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात 1970 साली लिहिली. त्याला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 8 ऑक्टोबर 1996 रोजी त्यांचे निधन झाले.

याच जिल्ह्यात 16 एप्रिल 2020 च्या रात्री गडचिंचले येथे चोरांच्या अफवेतून जमावाने तीन निरपराध माणसांचा जीव घेतला. आता आमच्या हाती मोबाईल आहे. तलवाड्याला ज्या निरोपाला पायी डोंगर ओलांडावे लागले, तो आज क्षणात पोहोचतो. आमच्यासारखी घरातील पहिलीच शिकणारी मुले पाड्यावर जातात तेव्हा लोक विचारतात, हे खरे का? त्या वेळी उत्तर देण्याआधी, निरोप मुळात कोणी धाडला याची चौकशी करणे, एवढे काम तर आपण करू शकतो.