स्वान्ते अऱ्हेनियस : रेणूंच्या टकरींचे कोडे

निकालात कमी श्रेणी मिळाली की आपण खचून जातो. अशा वेळी आम्हाला स्वीडनचे स्वान्ते अऱ्हेनियस आठवतात.

त्यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी उप्सालाजवळ झाला. क्षार पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युतभारित कण सुटे होतात, या विचाराचे बीज त्यांच्या १८८४ च्या प्रबंधात होते. उप्साला विद्यापीठातील परीक्षकांना तो पटला नाही. श्रेणी खालची मिळाली. खचून न जाता त्यांनी तो परदेशी शास्त्रज्ञांकडे पाठवला. रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्ड तर त्यांना भेटायला उप्सालाला आले.

१८८९ मध्ये त्यांनी नवे कोडे हाती घेतले. आम्लामुळे उसाच्या साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते. तापमान दहा अंशांनी वाढवले तर रेणूंचा वेग जेमतेम दोन टक्के वाढतो. मग ही अभिक्रिया कित्येक पटींनी वेगवान का होते? अऱ्हेनियस यांचे उत्तर असे, की सगळेच रेणू अभिक्रिया करीत नाहीत. पुरेशी ऊर्जा असलेले थोडेच करतात, आणि उष्णतेने त्यांचीच संख्या झपाट्याने वाढते. म्हणूनच रेणूंची प्रत्येक टक्कर फळास येत नाही, हे पुढील संशोधकांना उलगडता आले. रेणूंचे झोत एकमेकांवर सोडून टकरी अभ्यासणाऱ्यांना १९८६ चे नोबेल मिळाले.

अऱ्हेनियस १९२७ मध्ये निवर्तले. नाकारल्यासारख्या त्या प्रबंधातील विचारासाठीच त्यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. मुलांच्या प्रगतिपुस्तकावर सही करताना आम्हा पालकांनीही हे ध्यानात ठेवावे.