कोटाच्या दोन बटणांमधून

नव्वदच्या दशकात माझी बदली एका तालुक्याच्या गावी झाली होती. शाखा लहान, काम मुख्यतः पीककर्जाचं. दर गुरुवारी बँकेच्या दारापासून ओढ्याच्या पुलापर्यंत आठवडी बाजार भरायचा. एका गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी माझा रोलचा कॅमेरा घेऊन बाजारात गेलो आणि मिरच्यांच्या ढिगामागे बसलेल्या एका आजींचा, त्यांच्या नकळत, फोटो काढला. उन्हात त्यांचा चेहरा फार छान दिसत होता, एवढंच कारण. खटका वाजला, आजींनी वर पाहिलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला. दोन मिनिटांत दहा-बारा माणसं जमली. त्यांच्या मुलाचा कर्जाचा हप्ता थकला होता. बँकेचा साहेब फोटो काढतो म्हणजे तो वसुलीच्या नोटिशीला लागणार, पेपरात छापून येणार, अशी त्यांची समजूत झाली. मी हसून समजावत राहिलो. कुणीही हसलं नाही.

त्या दिवशी मला राग आला होता. निरुपद्रवी छंदावर असा संशय घ्यावा? पुढे काही वर्षांनी वॉकर इव्हान्स या अमेरिकन छायाचित्रकाराचं चरित्र वाचनात आलं, आणि माझा राग निवळत गेला. हाच संशय त्या माणसानं जन्मभर स्वतःवर घेतला होता.

इव्हान्सचा जन्म १९०३ सालचा, सेंट लुईस शहरातला. वडील जाहिरात व्यवसायात, घर खाऊनपिऊन सुखी. मुलाला व्हायचं होतं लेखक. एका वर्षातच कॉलेज सोडून १९२६ मध्ये तो पॅरिसला गेला. तिथं फ्लोबेर आणि बोदलेर वाचले, कॅफेंमध्ये बसून माणसं न्याहाळली. पण लिहिणं काही जमेना. परत आल्यावर पोटासाठी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर एका दलालाच्या पेढीत कारकुनी धरली. हे वाचून मला उगाचच जवळीक वाटली. दिवसभर दुसऱ्यांच्या पैशाचे आकडे लिहायचे आणि मनात भलतंच काही लिहीत राहायचं, ही अवस्था माझ्या चांगल्या ओळखीची आहे. लेखणी चालेना म्हणून त्यानं कॅमेरा हाती घेतला.

तेव्हाही रस्त्यावर फोटो काढणाऱ्याकडे लोक वळून पाहायचे, कपाळाला आठ्या घालायचे. त्यावर छायाचित्रकारांनी युक्त्या शोधल्या होत्या. इव्हान्सचा मित्र, चित्रकार बेन शान, कॅमेऱ्याला काटकोनात पाहणारी भिंग-नळी लावत असे. माणूस पाहतोय समोर आणि फोटो निघतोय बाजूच्याचा! या युक्तीत थोडी लबाडी आहे, हे कळायला फार हुशारी लागत नाही.

मग आली महामंदी. १९३५ पासून दोनेक वर्षं इव्हान्स सरकारी खात्यासाठी ग्रामीण अमेरिकेची छायाचित्रं काढत होता. १९३६ च्या उन्हाळ्यात फॉर्च्यून मासिकानं जेम्स एजी या तरुण लेखकाला अलाबामा राज्यातल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांवर लिहायला पाठवलं. सरकारी खात्यानं इव्हान्सला त्याच्यासोबत जाऊ दिलं, अट एकच: निगेटिव्ह सरकारच्या मालकीच्या राहतील. दोघांनी तीन कुटुंबं निवडली. सगळी दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं राबणारी, कायम कर्जात बुडालेली. सुरुवातीला त्या लोकांना हे दोघे सरकारचीच माणसं वाटली. गंमत बघा, त्यांचा अंदाज पुरता चुकलाही नव्हता. छायाचित्रं शेवटी सरकारदप्तरीच जायची होती. हे वाचताना मला माझा गुरुवारचा बाजार आठवला. ज्याच्या हातात आपलं कर्ज आहे, त्याच्याच हातात कॅमेरा दिसला तर माणूस दचकणारच.

अलाबामात इव्हान्सनं चोरी केली नाही. मोठा कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून, माणसांना वेळ देऊन, त्यांना हवं तसं उभं राहू देऊन त्यानं बरेचसे फोटो काढले. एका शेतकऱ्याची तरुण बायको लाकडी भिंतीसमोर ओठ घट्ट मिटून सरळ आपल्याकडे पाहते, तो फोटो आज जगभर ओळखला जातो. मासिकानं लेख छापलाच नाही. १९४१ मध्ये त्याचं पुस्तक झालं, तेव्हा जेमतेम सहाशे प्रती खपल्या. १९६० मध्ये नवी आवृत्ती निघाल्यावर मात्र ते अभिजात ठरलं. पुस्तकात त्या कुटुंबांची नावं बदलली होती. पण चेहरे कसे बदलणार? फोटो संग्रहालयांत लागले, आणि त्या कुटुंबांच्या पुढच्या पिढीतल्या काहींनी नाराजी बोलून दाखवली. आमच्या गरिबीचा जगभर बोभाटा झाला, नाव दुसऱ्यांचं झालं, आमच्या पदरात काय पडलं, असा त्यांचा सवाल होता. संमती होती, तरीही ते दुखावले गेले.

१९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं इव्हान्सच्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरवलं. एकाच छायाचित्रकाराचं असं प्रदर्शन त्या संग्रहालयात पूर्वी झालं नव्हतं. पस्तिशीच्या आत कीर्ती मिळाली. आणि त्याच वर्षी या कीर्तिवंत माणसानं आपलं सर्वांत चोरटं काम हाती घेतलं.

हिवाळ्याचे दिवस होते. इव्हान्सनं आपल्या छोट्या काँटॅक्स कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळे रंगवले, तो छातीशी बांधला आणि वर ओव्हरकोट चढवला. कोटाच्या दोन बटणांमधून फक्त भिंग डोकावत होतं. शटरला जोडलेली तार बाहीतून हातात आली होती. असा जामानिमा करून तो न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समोरच्या बाकावरच्या उतारूंपुढे बसे. कॅमेऱ्यातून पाहायचं नाही, झगझगीत दिवा लावायचा नाही, अंधुक उजेडात अंदाजानं तार दाबायची. हेलन लेव्हिट ही तरुण छायाचित्रकार मैत्रीण कधी कधी सोबतीला असे. दोघं शेजारी बसलेले दिसले की कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. १९४१ पर्यंत अशी सुमारे सहाशे छायाचित्रं जमली.

मी ती छापील पाहिली आहेत. टोपी डोळ्यांवर ओढलेले पुरुष, लोकरी कॉलरमध्ये मान घातलेल्या बायका, झापड आलेली, हरवलेली माणसं. ऑफिसहून घरी जाताना लोकलमध्ये खिडकीच्या काचेत स्वतःचा चेहरा अचानक दिसतो ना, तसे ते चेहरे आहेत. मुखवटा घरीही नाही आणि ऑफिसातही नाही, मधल्या प्रवासात कुठंतरी गळून पडलेला. विचारून काढले असते तर हे फोटो मिळालेच नसते. कॅमेरा दिसताच माणूस केसांवरून हात फिरवतो.

आता खरा मुद्दा. हे सहाशे फोटो हाताशी असताना इव्हान्सनं काय केलं? पुस्तकाचा बेत लगेच झाला होता, एजीनं १९४० मध्ये प्रस्तावनाही लिहून ठेवली होती. पण पुस्तक निघालं १९६६ मध्ये, ८९ छायाचित्रांचं. तोवर एजीला जाऊन अकरा वर्षं झाली होती. मधल्या काळात थोडे फोटो नियतकालिकांत आले तेवढेच. आपण केली ती आगळीक होती, याची इव्हान्सला लख्ख जाणीव होती. स्वतःला तो हेरच समजे, पण मनाला लागून राहिलेला हेर. मध्ये बराच काळ जाऊ दिला तर त्या आगळिकीची धार बोथट होईल, अशी त्याची धारणा होती. माणसं म्हातारी होतील, काही निघून जातील, चेहरे ओळखू येणार नाहीत, आणि मग उरेल ते फक्त माणसाचं चित्र.

बँकेत आम्हीही असंच काहीतरी सांभाळत होतो. गावातल्या कुणाच्या खात्यात किती, कुणाचं सोनं तारण, कुणाचा धनादेश परत गेला, सगळं ठाऊक असायचं आणि घरी बायकोलाही सांगायचं नसायचं. माहिती हाती येणं हा गुन्हा नव्हता. ती कुठं, केव्हा आणि कुणापुढं उघडायची, यात माणसाची परीक्षा होती.

१९४५ पासून वीस वर्षं इव्हान्सनं फॉर्च्यूनमध्ये नोकरी केली. १९४६ मध्ये डेट्रॉइट आणि शिकागोच्या रस्त्यांवर तो कॅमेरा कमरेशी धरून उघड उभा राहिला आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना टिपत गेला. शिकागोच्या काही फोटोंत बायका त्याच्याकडे रोखून पाहतात. हा कोण मेला, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येतो. तो भाव त्यानं लपवला नाही, छापला.

संशयाचा जाच तरुण पिढीलाही झाला. रॉबर्ट फ्रँक या स्विस तरुणाला अमेरिकाभर फिरून फोटो काढण्यासाठी १९५५ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली, ती इव्हान्सच्या पाठिंब्यानं. त्याच नोव्हेंबरात आर्कन्सासमधल्या एका छोट्या गावात पोलिसांनी फ्रँकची गाडी अडवली. परदेशी उच्चार, गाडीत कॅमेरे. हा नक्की कम्युनिस्ट हेर! काही तास कोठडीत ठेवून, बोटांचे ठसे घेऊन मगच त्याला सोडलं. संशय नेहमीच शहाणा असतो असं नाही, हेही इथं नोंदवायला हवं.

इव्हान्स १९६५ पासून येल विद्यापीठात शिकवू लागला. सत्तरीला आल्यावर तब्येत ढासळली, जड कॅमेरे पेलवेनात. १९७३ मध्ये त्यानं नवा पोलरॉइड कॅमेरा घेतला आणि पुढच्या वर्षभरात अडीच हजारांहून अधिक फोटो काढले. त्यांत मित्रांचे, विद्यार्थ्यांचे चेहरे खूप आहेत, अगदी जवळून काढलेले. या कॅमेऱ्यातला फोटो त्या माणसाच्या देखतच उमटत असे. कोटाआड कॅमेरा लपवणाऱ्या माणसाची अखेर अशी उघड्यावर झाली, हे मला बरं वाटलं. १० एप्रिल १९७५ रोजी तो गेला.

परक्याचा फोटो काढावा की नाही, याचा निवाडा आजही झालेला नाही. रस्त्यावर नकळत टिपलेला फोटो ही कलाकृती आहे, असं २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयानं मानलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. कायद्याचं कायदा पाहील. मला मात्र राहून राहून त्या आजी आठवतात.

रोल धुऊन आल्यावर फोटोची एक प्रत घेऊन मी पुढच्या गुरुवारी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी हात पदराला पुसले, फोटो लांब धरून पाहिला. मग विचारलं, अशा किती काढल्या आणि बाकीच्या कुठं आहेत? इतका नेमका प्रश्न मला कुठल्या ऑडिटरनंही विचारला नव्हता. दोन काढल्या, एक तुमच्या हातात आणि एक माझ्या घरी, बँकेत एकही नाही, असं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि फोटो पिशवीत ठेवला.

आज खिशातल्या मोबाइलनं काढलेल्या फोटोबद्दल कुणी मला हाच प्रश्न विचारला तर असं उत्तर देता येणार नाही. आजींचा तो फोटो अजून माझ्या कपाटात आहे. या लेखासोबत छापायला तो मी दिलेला नाही.