विषाणूचे वेगळेपण ओळखणारा बेयरिंक

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील दापोरा हे केळीच्या पट्ट्यातील गाव. या पट्ट्यात पानांवर पिवळे पट्टे दिसले की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. हा ‘हरण्या’, म्हणजेच कुकुंबर मोझॅक विषाणूचा रोग. त्यावर औषध नाही. झाड उपटून नष्ट करावे लागते.

अशा रोगाचे कारण जिवाणूंहून निराळे असते, हे मार्टिनस बेयरिंक यांनी ओळखले. त्यांचा जन्म १८५१ साली ॲमस्टरडॅममध्ये झाला. वडिलांचा तंबाखूचा व्यापार बुडालेला. मुलाची कीर्ती मात्र तंबाखूच्याच रोगातून झाली. रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून काढला तरी तो रोग देतो, हे रशियाच्या इवानोव्स्की यांनी १८९२ मध्ये पाहिले होते. परंतु जिवाणूंचा संशय त्यांनी सोडला नाही. बेयरिंक यांनी गाळलेला रस एका झाडाला टोचला, त्या झाडाचा रस दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. रोगाचा जोर ओसरेना. निव्वळ विष असते तर ते विरत गेले असते. म्हणजे ते वाढत होते, आणि तेही वाढत्या, जिवंत पेशींतच. हा निष्कर्ष त्यांनी १८९८ मध्ये मांडला. पेशीची यंत्रणा वापरून विषाणू आपल्या प्रती काढतो, हे पुढे उलगडले.

स्वभावाने ते तिरसट. लग्नही केले नाही. विषाणू द्रवरूप असतो, ही त्यांची समजूत चुकीची ठरली. १९३१ च्या पहिल्याच दिवशी ते निवर्तले. तंबाखूच्या त्या विषाणूच्या काड्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या, त्या १९३९ मध्ये.