राजर्षी शाहू महाराज

राजर्षी शाहू महाराज (२६ जून १८७४ – ६ मे १९२२) हे कोल्हापूर संस्थानाचे छत्रपती होते. सामाजिक सुधारणांबरोबरच राधानगरीचे धरण व कोल्हापूरचे खासबाग कुस्ती मैदान यांसाठीही ते ओळखले जातात.

जीवन
कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या यशवंतरावांना १७ मार्च १८८४ रोजी राणी आनंदीबाईंनी दत्तक घेतले. राजकोट व धारवाड येथील शिक्षणानंतर २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या. १९१९ मध्ये कानपूरच्या कुर्मी समाजाने त्यांना ‘राजर्षी’ ही पदवी दिली.

खासबाग मैदान
महाराज स्वतः तालमीत घडलेले होते आणि मल्लांना त्यांचा उदार आश्रय होता. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिल्यावर त्यांनी कोल्हापुरात वर्तुळाकार मैदान बांधण्याचे ठरविले, असे सांगितले जाते. १९१२ मध्ये इमामबक्ष व गुलाम मोहिउद्दीन यांच्या कुस्तीने मैदान सुरू झाले. मध्यभागी उंचावर हौद आणि भोवती चढत जाणारी मातीची उतरण असल्याने सर्वांत मागे बसलेल्यालाही कुस्ती दिसते. पंचवीस-तीस हजार प्रेक्षक येथे सहज मावतात.

अशा मैदानाचा खरा कस हौदातील मातीत लागतो. चाळलेल्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मिसळून ती वारंवार खणावी व उलटावी लागते. माती कोरडी पडली तर ती कठीण होते, धूळ उडते आणि पाठीवर पडणारा मल्ल जखमी होतो. ओल वाढली तर पाय घसरतो व पकड सुटते. शर्यतीच्या घोड्यांसाठी राखलेल्या हिरवळीचीही हीच अडचण असते. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्ससारख्या धावपट्टीवर पाणी किती द्यायचे, यावर घोड्याच्या पायांची सुरक्षितता अवलंबून राहते. हौदाला मात्र रोज हात लावणारा माणूस लागतो. काही दिवस दुर्लक्ष झाले तरी माती घट्ट बसते.

राधानगरी
१८९६–९७ च्या दुष्काळाने पाण्याचा प्रश्न ऐरणीवर आणला. भोगावती नदीवर फेजिवडे येथे धरण बांधण्याचे काम महाराजांनी हाती घेतले. तेथील नव्या गावाला कन्या राधाबाईंवरून राधानगरी, तर जलाशयाला राणी लक्ष्मीबाईंवरून लक्ष्मी तलाव हे नाव मिळाले. १९१८ मध्ये निधीअभावी काम थांबले. त्याच वर्षी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून त्यांचे धाकटे पुत्र शिवाजी यांचा मृत्यू झाला. हा आघात महाराजांना फार जिव्हारी लागला. धरण पुढे राजाराम महाराजांच्या काळात पुन्हा हाती घेतले गेले आणि १९५० च्या दशकात पूर्ण झाले. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पावसाळ्यात आपोआप उघडतात.

निधन
मार्च १९२० मध्ये माणगाव येथील परिषदेत महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. राधानगरीलगतचे दाजीपूरचे संस्थानी शिकार-जंगल १९५८ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. खासबागेत आजही तांबड्या मातीवर कुस्त्या होतात.