जॉर्ज वाल्ड : डोळ्यातलं ‘अ’ शोधणारा मास्तर

शाळेत शास्त्राच्या पेपरात एक मार्काचा हमखास प्रश्न असायचा : रातांधळेपणा कोणत्या जीवनसत्त्वाच्या अभावामुळे होतो? ‘अ’ लिहिलं की मार्क खिशात. गाजर, पपई, हिरव्या पालेभाज्या, माशाच्या यकृताचं तेल ही यादीही पाठ. पण हे ‘अ’ डोळ्यात जाऊन नेमकं करतं काय, हे ना आपण कधी विचारलं, ना पुस्तकाने सांगितलं. स्मरणिका समितीने आवडत्या व्यक्तीवर लिहायला सांगितलं, तेव्हा मी कुणी कॉम्प्युटरवाला निवडीन असं तुम्हाला वाटलं असेल. मी निवडलाय एक जीवरसायनशास्त्रज्ञ. का, ते शेवटी सांगते.

जॉर्ज वाल्ड यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. आईवडील युरोपातून आलेले ज्यू, वडील शिंपीकाम करणारे. वाढले ब्रुकलिनमध्ये आणि शिकले तिथल्या टेक्निकल हायस्कुलात, कारण मुलाला व्हायचं होतं इलेक्ट्रिकल इंजिनियर! पोरवयात त्याने घरी रेडिओ जोडला आणि बेसबॉलचे सामने ऐकवून गल्लीत भाव खाल्ला. पुढे मित्राबरोबर विनोदी कार्यक्रम करू लागला, बोलणं जमतंय म्हटल्यावर वकिलीकडे वळला. तेही सोडून डॉक्टरकी, आणि शेवटी जीवशास्त्र. दहावीनंतर तीनदा विचार बदलणारी आपल्या बॅचमधली मंडळी हे वाचून सुखावतील.

कोलंबिया विद्यापीठात सेलिग हेक्ट नावाचे गुरू भेटले. दृष्टी म्हणजे शेवटी प्रकाशाने घडवलेली रासायनिक क्रिया, हा हेक्ट यांचा ध्यास. वाल्डनी त्यांच्या हाताखाली फळमाशीला किती बारीक दिसतं याची मोजमापं केली. पण त्या क्रियेत भाग घेणारा पदार्थ हातात घेऊन बघावा असं त्यांना वाटू लागलं. १९३२ मध्ये पीएच.डी. झाली, शिष्यवृत्ती मिळाली आणि ते बर्लिनला ऑटो वारबुर्ग यांच्या प्रयोगशाळेत गेले.

रातांधळेपणा आणि आहार यांचा संबंध जुन्या काळापासून माहीत होता. ‘अ’ जीवनसत्त्वाची रचना नुकतीच, १९३१ मध्ये, झुरिकच्या पाउल कारर यांनी उलगडली होती. पण जीवनसत्त्व शरीरात गेल्यावर कोणत्या यंत्राचा कोणता भाग बनतं, हे अंधारातच होतं. वाल्डनी डोळ्याच्या आतला पडदा वेगळा केला, त्याचा अर्क काढला आणि त्यात अँटिमनी ट्रायक्लोराइड घातलं. ‘अ’ असेल तर निळा रंग येतो. आला! कारर यांच्याकडे झुरिकला जाऊन त्यांनी कत्तलखान्यातून आणलेल्या गाई, मेंढ्या, डुकरं यांच्या डोळ्यांवर तेच पुन्हा केलं आणि खात्री पटवली.

तिसरा मुक्काम हायडेलबर्ग, ओटो मायरहोफ यांच्याकडे. तोवर १९३३ चा उन्हाळा आला होता. जानेवारीत हिटलर चान्सेलर झाला होता आणि ज्यू शास्त्रज्ञांच्या नोकऱ्या जात होत्या. शिष्यवृत्ती देणाऱ्यांनी या ज्यू तरुणाला परत बोलावलं. प्रयोगशाळेतली मंडळी सुट्टीवर गेलेली, आणि नेमके तेव्हा तीनशे बेडूक येऊन पडले. निघायचे दिवस जवळ आलेले असताना या माणसाने ते बेडूक कामाला लावले.

अंधारात ठेवलेल्या बेडकाच्या डोळ्याचा पडदा जांभळट लाल असतो. उजेड पडला की पिवळा होतो, आणखी वेळाने रंग उडतो. हा रंगबदल याच हायडेलबर्गमध्ये पन्नासेक वर्षांपूर्वी विल्हेल्म क्यून यांनी बारकाईने अभ्यासला होता. वाल्डना आता दिसलं की लाल अवस्थेत जीवनसत्त्व प्रथिनाला चिकटलेलं असतं, पिवळ्या अवस्थेत त्याचाच एक जवळचा भाऊ सुटून निघतो आणि रंग उडाल्यावर मोकळं ‘अ’ हाती लागतं. अंधार झाला की हीच मंडळी पुन्हा एकत्र येऊन लाल रंग तयार करतात. म्हणजे ते एक चक्र आहे, आणि त्यात थोडी गळती होत राहते. ती भरायला गाजर! थिएटरात मॅटिनीला उशिरा शिरल्यावर आपण खुर्च्या चाचपत उभे राहायचो ना, तेव्हा डोळ्यात हेच चक्र उलटं फिरत असायचं.

एक वर्ष शिकागोत काढून १९३४ मध्ये ते हार्वर्डला आले आणि निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९७७ पर्यंत, तिथेच राहिले. गोड्या पाण्यातल्या माशांच्या डोळ्यात ‘अ’चा थोडा वेगळा प्रकार असतो हे त्यांनी दाखवलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या बेडकाचं पिल्लू पाण्यात असताना माशांचा प्रकार वापरतं आणि मोठा बेडूक झाल्यावर जमिनीवरच्या प्राण्यांचा, हेही त्यांचंच काम. मला हा तपशील फार आवडतो. शेपूट जाते हे आपण शिकलो, पण डोळ्यातलं रसायनही बदलतं हे कुणाला माहीत होतं?

गाभ्याचं काम मात्र १९५० च्या दशकातलं, आणि ते एकट्या वाल्डचं नाही. रूथ हबर्ड ही व्हिएन्नाची मुलगी, नाझींमुळे १९३८ मध्ये देश सोडून आलेल्या कुटुंबातली. तिने आणि वाल्डनी शोधलं की प्रथिनाच्या खाचेत बसणारा ‘अ’चा तो भाऊ अकराव्या कार्बनपाशी वाकलेला असावा लागतो. सरळ रेणू तिथे बसतच नाही. प्रकाशकण येतो आणि वाकलेला रेणू सरळ करतो. उजेडाचं काम एवढंच. पुढचं सगळं अंधारातही चालू राहतं. आमच्या भाषेत सांगायचं तर उजेड फक्त एक बिट शून्याचा एक करतो, बाकी प्रोग्रॅम आधीच लिहिलेला असतो. १९५८ मध्ये रूथ आणि वाल्ड यांचं लग्न झालं.

त्याच सुमारास जॉन डाउलिंग या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी उंदरांना ‘अ’ऐवजी त्याचं आम्ल खाऊ घातलं. उंदीर छान वाढले, धट्टेकट्टे दिसू लागले, आणि आंधळे झाले. शरीराला वाढीसाठी ते आम्ल पुरतं, पण त्यापासून डोळ्याला लागणारं रूप परत बनवता येत नाही. एकाच जीवनसत्त्वाची शरीरात दोन वेगळी खाती आहेत, हे त्या आंधळ्या उंदरांनी सांगितलं.

१९६७ चं नोबेल वाल्ड, हार्टलाइन आणि ग्रानिट या तिघांना मिळालं. रूथचं नाव त्यात नव्हतं. कारर यांच्या नावाचं पदक मात्र त्याच वर्षी दोघांना मिळून मिळालं. हार्वर्डमध्ये तिला कायमची प्राध्यापकी मिळायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं, आणि जीवशास्त्र विभागात अशी ती पहिलीच स्त्री. ऑफिसात वीस वर्षं काढल्यावर मला याचं आश्चर्य वाटत नाही, राग मात्र येतो.

आपल्या सरांना आणि बाईंना आवडेल अशी गोष्ट म्हणजे वाल्ड पहिल्या वर्षाच्या मुलांना आवडीने शिकवत. १९६६ मध्ये टाइम साप्ताहिकाने देशातल्या दहा उत्तम प्राध्यापकांत त्यांना घेतलं होतं. नोबेलनंतर ते शांत बसले नाहीत. ४ मार्च १९६९ ला एमआयटीत त्यांनी व्हिएतनाम युद्ध आणि अण्वस्त्रांविरुद्ध भाषण केलं आणि ते देशभर छापलं गेलं. राजकारणात गेले आणि शास्त्र सोडलं, अशी टीका त्यांच्यावर झाली. ती अगदीच खोटी नव्हती. प्रयोगशाळेचं काम मागे पडलं. मला विचाराल तर १९३३ चं जर्मनी डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला गप्प बसणं जड गेलं असणार.

आता कारण. गॅदरिंगच्या तालमी संध्याकाळी चालायच्या. आपल्या वर्गातली एक मैत्रीण परत जाताना पायऱ्यांवर अडखळायची, भिंतीला हात लावत चालायची. आपण तिला काय काय नावं ठेवली ते आठवतंय? मीही ठेवली. वर, गाजरं खा, असा सल्ला. तिच्या घरच्यांनी गाजरं किसली, माशाचं तेल पाजलं. काही उपयोग झाला नाही. होणारच नव्हता. तिच्या शरीरात ‘अ’ची कमतरता नव्हतीच. ‘अ’ ज्या खाचेत बसतं ते प्रथिनच तिला जन्मापासून सदोष मिळालं होतं. अशा दोषाने डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होतो, हे १९९० मध्ये बोस्टनच्या डोळ्यांच्या रुग्णालयातल्या संशोधकांनी पहिल्यांदा दाखवलं. नदीपलीकडे केंब्रिजमध्ये वाल्ड तेव्हा हयात होते, त्र्याऐंशी वर्षांचे. तिथेच १२ एप्रिल १९९७ ला ते गेले.

मैत्रिणीला मी हा लेख फोनवर वाचून दाखवला. नाव घालू नकोस म्हणाली, पण बेडकाच्या पिल्लाचा भाग तिने दोनदा वाचायला लावला.